धाकटी फुसफुशी

४ मार्च

घुम्या,

अक्षर ओळखून तू हे पाकीट फाडणार असशील, तर आधी आतला पिवळा कागद बाजूला काढ. तो बाबांसाठी आहे. बाकी माझं पत्र खुशाल फाड, तुकडे कर, माझी हरकत नाही.

बाबा आमच्याच हॉस्पिटलात आहेत. छातीत जंतू झालेत. सोमवारी आणलं तेव्हा चांगले बोलत होते, नर्सला सांगत होते की "माझी मुलगी इथे खाली तळघरात जंतू पाळते, त्यांना वेळेवर जेवू घालते, मला नाही." काल दुपारी श्वास पुरेना म्हणून घशात नळी घातली. तेव्हापासून बोलणं बंद. सहा औषधं तपासून पाहिली आणि सहाही नावांपुढे एकच शेरा आला, लागू नाही. छातीचे डॉक्टर भले गृहस्थ आहेत, पण त्यांनीही हात टेकलेत.

आता उरला फेज. आठवतोय ना? जंतूंना खाणारा विषाणू. तुला आठवणारच, त्याच रागावर सहा वर्षं काढलीस तू. तर हा उपचार अजून प्रयोगातला आहे. पेशंट शुद्धीत नसेल तर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागते, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्याची सही चालत नाही. मी बाबांची मुलगी आहे, पण औषध बनवणारीही मीच. म्हणून मी बाद. जगात उरलास तू एकटा. तुझा नवा नंबर फक्त बाबांकडे, आणि मला द्यायचा नाही असा शब्द तू त्यांच्याकडून घेतलेला. फोनला कुलूप, माणसाच्या घशात नळी. म्हणून हे कागदी घोडे.

एक सांगायचं राहिलं. सांगू की नको असं चाललं होतं.

काल बाबांचे कपडे आणायला घरी गेले. दुपारचे बारा वाजलेले, लख्ख ऊन. कुलूप काढून आत पाय ठेवला आणि आईच्या खोलीतून श्वास ऐकू आला. चेष्टा करत नाहीये. फूss... मग थांबणं... मग फूss. तीच आईची लय, शेवटच्या वर्षातली.  दार लोटलं तर पलंगावर चादर नीट घातलेली, उशीला खळगा, आणि उशाशी मोठी फुसफुशी चालू. हवा ओली ठेवणारं आईचं ते यंत्र, तिनेच नाव ठेवलेलं. बाबा सोमवारपासून हॉस्पिटलात. म्हणजे दोन दिवस ती रिकाम्या खोलीत एकटीच श्वास घेत होती.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, रोज दुपारी लावतात ते. त्याशिवाय डोळा लागत नाही म्हणे. आई गेल्यापासून." सहा वर्षं! आणि मी दर रविवारी जाऊन डबा ठेवून येत होते, ते दार एकदाही उघडलं नाही.

मी बटण बंद केलं आणि खोली इतकी गप्प झाली की पुन्हा चालू करावंसं वाटलं. सवयीने टाकीतल्या पाण्यात बोट घातलं. आतून बुळबुळीत होती. एका बाटलीत थोडं पाणी घेऊन आले. का घेतलं विचारू नकोस, आमच्यासारख्यांना दिसेल त्यातलं थोडं बाटलीत घ्यायची खोड असते. धाकटी फुसफुशी, प्रवासात न्यायची ती, कुठे दिसली नाही. टाकली असेल.

पिवळ्या कागदावर सही कर. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ताई

---

८ मार्च

घुम्या,

पोचपावती आली. त्यावर तुझी सही आहे, म्हणजे हात मोडलेला नाही. मग पिवळ्या कागदानेच काय घोडं मारलंय?

दुसरा कागद सोबत पाठवते आहे. पण आज तुझ्याशी भांडायला जीव नाही. मला भीती वाटते आहे, आणि इथे कोणाला सांगायची सोय नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना सांगितलं तर म्हणतील, घरी जाऊन झोप.

सही येईपर्यंत तयारी तर करू, म्हणून मी फ्रीझर उघडला. त्यात आईच्या वेळचा फेज अजून आहे. आमच्यात गोठवलेलं काही टाकत नाहीत. आईच्या छातीतला जंतूही आहे, एका नळीत गोठलेला, नळीवर माझ्याच अक्षरात तारीख. बाबांनाही त्याच जातीचा जंतू झालाय. म्हटलं, बघू, ओळखीचा फेज आहे.

दोन प्लेटी लावल्या. एकीवर आईचा जंतू पसरला, दुसरीवर बाबांचा, आणि दोन्हींवर फेजचे थेंब सोडले. तुला एकदा दाखवलं होतं मी, जंतू वाढले की प्लेटवर साय धरते, आणि जिथे फेजने जंतू खाल्ले तिथे सायीला स्वच्छ गोल भोकं पडतात.

सकाळी आईची प्लेट बघितली. भोकंच भोकं. सहा वर्षं बर्फात राहून फेज जिवंत होता आणि आईचा जंतू त्याने चाटूनपुसून खाल्ला. बाबांच्या प्लेटवर सलग साय. एक ओरखडा नाही. मला वाटलं थेंब टाकायलाच विसरले. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच.

जंतूला एखादा फेज लागू पडत नाही, हे रोजचं आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्याच वेळी मी फुसफुशीच्या टाकीतल्या पाण्याचीही प्लेट लावली होती. तिच्यावर बाबांचाच जंतू आला. तोच हिरवट रंग, तोच गोडसर वास, आणि फेजसमोर तोच ढिम्मपणा. मी प्लेट हातात धरून उभी राहिले आणि मला असं वाटलं की या फेजला तो ओळखतोय. आधी भेटल्यासारखा.

आईचा, बाबांचा आणि टाकीतला, तिन्ही जंतू सबंध वाचायला पाठवलेत. प्रत्येक जीव म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ असते, ती छापून येते. तीन दिवस लागतात.

बाबांचे हात सुजलेत. मी त्यांना तुझं बालपण सांगत बसते. ऐकू जातं म्हणतात.

ताई

---

११ मार्च

अहवाल आला. तू काही लिहिलं नाहीस, तरी हे तुला सांगावंच लागेल. आधी अहवालात काय आहे ते सांगते, मग माझं.

बाबांच्या छातीतला जंतू, टाकीतला जंतू आणि फ्रीझरच्या नळीतला आईचा जंतू, तिन्ही एकाच घराण्यातले आहेत. सहा वर्षांत दहा-बारा अक्षरं इकडची तिकडे झाली आहेत, इतकंच. आईने जे श्वासातून त्या यंत्रात सोडलं ते टाकीत राहिलं, त्याने संसार थाटला, आणि बाबा रोज दुपारी तिच्या उशीवर डोकं ठेवून तेच आत ओढत राहिले.

दुसरी गोष्ट. काही जंतूंना एक विद्या येते. फेजने हल्ला केला आणि त्यातून एखादा जंतू जगला, तर तो त्या फेजचा एक तुकडा कापून स्वतःच्या ओळीत चिकटवून ठेवतो. पोलीस चौकीत फोटो लावतात ना, तसा. पुढच्या पिढ्यांना तो फोटो जन्मासोबतच मिळतो. तोच फेज पुन्हा दारात आला की आत शिरताक्षणी त्याचे तुकडे.

आईच्या नळीतल्या जंतूत तो तुकडा नाही. नळी उपचाराच्या आदल्या दिवशीची आहे. बाबांच्या जंतूत आहे. माझ्या फेजचा तुकडा आहे तो, घुम्या. तो फेज मी नाल्यातून शोधला, मी वाढवला, जगात दुसऱ्या कोणी वापरलेला नाही. माझ्या हातची वस्तू बाबांच्या छातीत बसली होती आणि मला ओळखत होती. 

आता माझं.

आईला फेज दिला तेव्हा अकरा दिवस ती किती छान होती, तुला माहीत आहे. खोकला गेला, जेवायला लागली, तुला म्हणाली, "जा रे, नोकरी काय माझ्या खोकल्यासाठी थांबणार आहे?" तू मला विचारलंस, "ताई, जाऊ ना?" मी म्हटलं, "प्लेट स्वच्छ आहे, बिनधास्त जा." नऊ दिवसांनी तू परत आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू दारातच विचारलंस, "तुला माहीत होतं ना?" मी म्हटलं, नाही.

मला माहीत होतं. अर्धं माहीत होतं.

तू निघायच्या आदल्या मंगळवारी आईच्या प्लेटला तिसरा दिवस होता. आमच्यात दुसऱ्याच दिवशी भोकं मोजतात आणि प्लेट टाकतात. माझी राहून गेली होती. टाकताना सहज उजेडाकडे धरली. स्वच्छ भोकांच्या मधोमध तीन ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे. डोळ्यांत बाहुली असावी तसे. फेजच्या भोकात, जिथे काही जगायला नको तिथे, तीन जण जगले होते.

मी काय केलं? मला वाटलं माझ्या हातून घाण गेली. शिंकले असेन. तुला माहीत आहे, माझ्या प्लेटी कधी नासत नाहीत, याचा मला केवढा तोरा. मॅडमना दाखवलं असतं तर नाक कापलं गेलं असतं. म्हणून मी ती प्लेट उकळायच्या डब्यात टाकली, नवी लावली, दुसऱ्या दिवशी बघितली आणि वहीत लिहिलं, स्वच्छ. तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवलीच नाही. ठेवली असती तर दिसलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच ठेवली नाही.

तसेच काही आईच्या छातीतही जगले होते, त्यांचीच पिल्लावळ आज बाबांच्या छातीत आहे.

आता तुला हवं तेवढं ओरड. पण सोबतच्या तिसऱ्या कागदावर सही करून ओरड.

ताई

---

१५ मार्च

घुम्या,

आठवडाभर आम्ही नाले उपसतोय. खरंच. हॉस्पिटलमागच्या गटारापासून कत्तलखान्याच्या नाल्यापर्यंत, दोरीला बाटली बांधून मी आणि मोठ्या मॅडम. मॅडम त्रेसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी काठावर उकिडव्या बसतात. त्यांना मी त्या मंगळवारच्या प्लेटचं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाटली नीट धर, पडशील." एवढंच. मला त्यापेक्षा दोन थोबाडीत खाल्लेल्या परवडल्या असत्या.

सतराव्या बाटलीत एक सापडला. बाबांच्या सायीला भोकं पाडणारा. त्याची गंमत ऐक. या जंतूच्या अंगावर छोटे पंप असतात. औषध आत आलं की पंपाने बाहेर फेकायचं, म्हणून तर सहाही औषधं लागू पडत नाहीत. आणि हा नवा फेज नेमका त्या पंपालाच धरून आत शिरतो.

या वेळी मी प्लेट तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवली. आज सकाळी उजेडाकडे धरली. भोकांच्या मधोमध ठिपके होते.

आले म्हणजे आलेच ते.  सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं. पण या वेळी मी प्लेट टाकली नाही. एकेक ठिपका उचलून वाढवला आणि त्यांच्यावर तीच सहा औषधं घातली.

दोन औषधांनी मेले. सगळेच्या सगळे. फेजपासून जीव वाचवायचा तर त्यांना स्वतःचा पंप मोडावा लागला, आणि पंप मोडला की औषध बाहेर फेकणार कशाने? कळतंय का तुला? हा फेज हरणार आहे, आम्हाला माहीत आहे. तो हरावा म्हणूनच द्यायचा. फेज आणि औषध एकाच वेळी, म्हणजे जो एकातून निसटेल तो दुसऱ्यात सापडेल.

बाबांना उतार पडेलच असं मी म्हणत नाही. मी आता कोणाला बिनधास्त म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत सुरू झालं तर अर्थ आहे. चौथा पिवळा कागद जोडलाय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, छातीच्या डॉक्टरांचा नंबर मागे लिहिलाय, त्यांना विचार, मॅडमना विचार. पण विचार.

तुझी छोटी आता चार महिन्यांची झाली असेल. बाबांच्या पाकिटात तिचा फोटो आहे. कान तुझेच आहेत, बिचारीचे.

ताई

---

२३ मार्च, बसमध्ये

घुम्या,

हे पत्र टपालाने येणार नाही, हातात देणार आहे. फोनवर धड काही बोलता आलं नाही, आणि तुझ्यासमोर आल्यावर तर माझं तोंडच उघडणार नाही. म्हणून झालं ते क्रमाने लिहिते.

गुरुवारी सकाळी तुझं पाकीट आलं. मी सहीचा कागद ओढून काढला आणि जिने चढत वॉर्डात पळाले. पाकीट कोटाच्या खिशात कोंबलं. अकरा वाजता पहिला डोस गेला. शुक्रवारी ताप उतरला, शनिवारी सकाळी नळी निघाली. बाबा पहिलं काय बोलले सांगू? "फुसफुशी बंद केलीस ना? वीज जळते." मी हसले आणि मग तिथेच रडले. छातीतून काढलेल्या बेडक्यात अजून जंतू आहेत, पण थोडे, आणि पंप मोडलेले. डॉक्टर सावधपणे खूश आहेत.

शनिवारी दुपारी कोट धुवायला टाकायचा म्हणून खिसे उलटे केले. पाकिटात तुझी चिठ्ठी होती. दोन दिवस माझ्या अंगावरच होती ती.

"सही केली आहे. बाबांना सांग, त्यांनी बारशाला पाठवलेली धाकटी फुसफुशी छोटीला फार आवडते. तिच्या आवाजाशिवाय झोपतच नाही. मलाही बरं वाटतं, आईच उशाशी असल्यासारखं. छोटीला पंधरा दिवस खोकला आहे, डॉक्टर हवा बदलल्याचा म्हणतात."

मी ती चिठ्ठी बाबांच्या पलंगाशी उभी राहून वाचली. बाबांनी माझा चेहरा बघितला. मी विचारलं, "धाकटी कुठे ठेवली होतीत आधी?" ते म्हणाले, "मोठीच्या शेजारी. एकाच तांब्याने दोघींतलं पाणी काढायचो-घालायचो." मग त्यांना कळलं. तुला दिलेला शब्द-बिब्द सगळं विसरून त्यांनी स्वतः नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

तू म्हणालास, "बाबा?" मी म्हटलं, "ताई आहे. ठेवू नकोस. छोटी कुठे आहे?"

तू गप्प झालास. घुम्याच तू. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. फूss... थांबणं... फूss. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या वॉर्डात, आई माझ्या कानात श्वास घेत होती.

मी म्हटलं, "ते बंद कर. आत्ता. तिला उचल आणि दुसऱ्या खोलीत ने."

 बटणाचा आवाज आला. फुसफुशी एकदा अर्धवट फुसफुसली आणि थांबली. मग छोटी खोकली. मग तिचा श्वास ऐकू आला, भराभरा, बारीक, जरा घरघरणारा, पण तिचा स्वतःचा. खिडकी उघडल्याचा आवाज. आणि मग तू विचारलंस, सहा वर्षांपूर्वी दारात विचारलं होतंस त्याच आवाजात, "ताई, तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "तिच्याकडे धाकटी आहे हे माहीत नव्हतं. पण चिठ्ठी दोन दिवस माझ्या खिशात होती. मी वाचली नाही."

 मग म्हणालास, "ये."

मुलांच्या डॉक्टरांकडे तिला लगेच ने म्हटलं आणि तू नेलंस, हे तुझ्या निरोपातून कळलं. तिथे ठेवून घेतलंय हेही. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना सविस्तर कळवलंय, बाबांना लागू पडलेल्या औषधांची नावंही. तिथल्या प्रयोगशाळेत एक बाक मॅडमनी माझ्यासाठी मागून घेतलाय. माझ्या मांडीवर बर्फाचा डबा आहे, त्यात सतराव्या बाटलीतला फेज. शेजारच्या बाई दोनदा म्हणाल्या, डबा वर ठेवा की. मी नाही म्हटलं.

तिच्या छातीत तोच आहे का, मला माहीत नाही. नसेलही. लहान मुलांना खोकला होतो. पण असेल तर त्याच्याजवळ माझा फोटो आहे, आणि यातून वाचला तर या नव्या फेजचाही लावेल. धाकटी फुसफुशी पिशवीत घालून तोंड घट्ट बांध, फेकू नकोस. उघडूही नकोस. बाबांना म्हटलं, आता दोन्ही जाणार. ते म्हणाले, "जाऊ देत." मग म्हणाले, खोली फार शांत आहे गं.

मी संध्याकाळी पाचपर्यंत पोचते. आल्याबरोबर तिचा नमुना घेईन आणि प्लेट लावीन. पहिल्या दिवशी तुला काही सांगणार नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू प्रयोगशाळेत ये. प्लेट आपण दोघं मिळून उजेडाकडे धरू, आणि ठिपका असला तर मी त्यावर बोट ठेवून तुला दाखवीन.

ताई